बहीण-भावाने मिळून कादंबऱ्यांची मालिका लिहिली, तर ती गोष्ट नेमकी कोणाची?

मागच्या दिवाळीत परतवाड्याला घरी गेले होते. फराळाचं ताट हातात येण्याआधीच धाकट्या भावाने विचारलं, "ताई, थे गाविलगडची वही हाय का व तुह्याजवळ?"

वही होती. शाळेत असताना आम्ही दोघांनी मिळून लिहिलेली, २०० पानी. शाळेच्या सहलीत चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर गेलो, तिथे दरवाजावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पाहिला आणि घरी येऊन ठरवलं की हा पक्षी रात्री जिवंत होतो. कोणत्या दरवाजातून कोणत्या काळात जाता येतं, कीचक मेला नसून कुठे लपलाय, मेळघाटातल्या कोणत्या झाडाला बोलता येतं, हे सगळं भाऊ ठरवायचा. वाक्यं मी लिहायचे.

आता त्याला ते टाईप करून प्रतिलिपीसारख्या अॅपवर भाग-भाग टाकायचं होतं. तीन पुस्तकांची मालिका, टीनएजर वाचकांसाठी. मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, "नाव कोणाचं टाकायचं?"

दोघंही गप्प झालो. अक्षर माझं होतं, पण ते जग त्याचं होतं.

हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही. हॅरी पॉटर आणि स्ट्रेंजर थिंग्ज बघत मोठी झालेली, मोबाईलवर मराठीत फँटसी लिहू पाहणारी भावंडं आज कुठेही सापडतील. त्यामुळे हे प्रकरण नीट समजून घेऊ.

भावंडांचं एकत्र लिहिणं जमतं कसं?

फँटसीत लेखकाला आधी अख्खं जग उभं करावं लागतं. त्याचे नियम, नकाशे, राजघराणी, शत्रू. भावंडांकडे असं जग बऱ्याचदा लहानपणापासून तयार असतं, कारण ती त्यात खेळलेली असतात.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या ब्राँटे भावंडांचं. १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेल या मुलाला लाकडी सैनिक आणून दिले. त्याने आणि शार्लट, एमिली, अॅन या बहिणींनी त्या सैनिकांना नावं दिली, राज्यं दिली आणि त्यांच्या गोष्टी बारीक अक्षरात इवल्याशा वह्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेलने 'अँग्रिया' नावाचं राज्य रचलं, एमिली आणि अॅनने 'गोंडाल'. याच बहिणींनी मोठेपणी 'जेन आयर' आणि 'वुदरिंग हाइट्स' लिहिल्या.

दुसरं उदाहरण रशियाचं. अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की हे दोघे भाऊ. एक मॉस्कोत, दुसरा लेनिनग्राडमध्ये. भेटायचे, एकत्र बसायचे आणि वाक्य न वाक्य बोलून ठरवत लिहायचे. 'मंडे बिगिन्स ऑन सॅटर्डे' ही जादूच्या संशोधन संस्थेवरची त्यांची धमाल कादंबरी १९६५ ची, तर 'रोडसाइड पिकनिक' १९७२ ची.

आणि आजचं उदाहरण म्हणजे स्ट्रेंजर थिंग्ज. ते रचणारे मॅट आणि रॉस डफर जुळे भाऊ आहेत. २०१६ ला सुरू झालेली त्यांची मालिका २०२५ च्या शेवटी संपली.

म्हणजे एकत्र लिहिणं जमतं. अडतं ते पुढे.

मग अडतं कुठे?

नावापाशी.

शेक्सपियरची नाटकं मुलांना गोष्टीरूपात सांगणारं 'टेल्स फ्रॉम शेक्सपियर' हे पुस्तक तुम्ही कधीतरी चाळलं असेल. ते १८०७ मध्ये आलं. लिहिणारे दोघे, चार्ल्स लँब आणि त्याची थोरली बहीण मेरी लँब. एकूण २० गोष्टी. त्यातल्या १४ मेरीने लिहिल्या, ६ चार्ल्सने. पहिल्या आवृत्तीवर नाव मात्र एकट्या चार्ल्सचं होतं. मेरीचं नाव पुस्तकावर यायला १८३८ ची सातवी आवृत्ती उजाडावी लागली. तोवर ३१ वर्षं गेली होती.

चार्ल्स बहिणीवर जीव टाकणारा भाऊ होता. ते दोघं आयुष्यभर एकत्र राहिले. तरीही हे घडलं. म्हणजे नाव गळायला घरात भांडणच व्हावं लागतं असं नाही.

आपल्याकडचं बरं उदाहरणही आहे. 'मेलुहा' लिहिणारा मुंबईचा अमीश त्रिपाठी आणि त्याची बहीण भावना रॉय यांचं 'धर्म' हे पुस्तक २०२० मध्ये आलं. ती फँटसी नाही, महाकाव्यांचा अर्थ लावणारं पुस्तक आहे. पण मुखपृष्ठावर नावं दोघांची आहेत.

कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी कॉपीराइट कायदा १९५७ लागू होतो. त्यातल्या पाच गोष्टी भावंडांनी समजून घ्यायला हव्यात.

पहिली, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं. कल्पना कोणालाही सुचू शकते. संरक्षण मिळतं ते ती ज्या शब्दांत, ज्या रूपात मांडली त्याला. आमच्या घरात याचा अर्थ असा की भावाने रात्र-रात्र जागून रचलेलं जग फक्त तोंडी सांगितलं असेल, तर कायद्याच्या नजरेत लेखक मी एकटी ठरू शकते. त्याने मात्र टिपणं लिहिली असतील, नकाशा काढला असेल, गंडभेरुंडाचं चित्र काढलं असेल, तर त्या कागदांवर हक्क त्याचा.

दुसरी, 'संयुक्त लेखन' म्हणजे काय, याची कायद्यात व्याख्या आहे. दोघांचं योगदान एकमेकांत इतकं मिसळलेलं हवं की ते वेगळं काढता येत नाही. एक प्रकरण ताईचं, एक भावाचं असं स्वच्छ वाटून लिहिलं असेल, तर आपापल्या प्रकरणांचे दोन वेगळे लेखक असाही अर्थ निघू शकतो.

तिसरी, संयुक्त मालकी असेल तर एकट्याने परस्पर परवानगी देता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात म्हटलं की एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येणार नाही. उद्या एखाद्या ऑडिओ अॅपने विचारलं आणि भावाने उत्साहात हो म्हटलं, तरी माझी संमती लागेलच.

चौथी, मुदत. संयुक्त पुस्तकाचा कॉपीराइट दोघांपैकी जो शेवटी जाईल, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे हा हक्क पुढे दोघांच्याही मुलांपर्यंत पोचतो.

पाचवी, वय. १८ वर्षांखालचं मूल लेखक असू शकतं, पण त्याने स्वतः सही केलेला करार कायद्याने टिकत नाही. त्याच्या वतीने पालकांना सही करावी लागते. लिहिणारी भावंडं शाळेत असतील तर हे फार महत्त्वाचं आहे.

मालिका असली की गुंता का वाढतो?

एक पुस्तक वर्षा-दोन वर्षांत संपतं. मालिका आठ-दहा वर्षं चालते. त्या काळात एकाला पुण्यात नोकरी लागते, दुसरीचं लग्न होतं, एकाचा रस संपतो. मग दुसऱ्या भागानंतर एकाने सोडलं, तर तिसरा भाग लिहायचा हक्क कोणाला? तीच पात्रं घेऊन दुसऱ्याने वेगळी मालिका काढली तर? हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येक प्रश्नावर भांडण ठरलेलं.

स्त्रुगात्स्की बंधूंनी घालून दिलेला धडा इथे आठवतो. अर्कादी १९९१ मध्ये गेला. बोरिसने पुढेही कादंबऱ्या लिहिल्या, पण 'स्त्रुगात्स्की बंधू' या नावाने नाही. त्या त्याने एस. वितित्स्की या टोपणनावाने छापल्या. दोघांचं नाव त्याने एकट्याने वापरलं नाही.

आपल्याकडे हे जास्त का लागू पडतं?

वऱ्हाडात भावंडांचे हिशेब कुठे बिघडतात, हे सांगायला नको. बाप असेपर्यंत सगळं एकत्र, नंतर धुऱ्यावरून कोर्टकचेरी. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होणाऱ्या बहिणी आजही घरोघरी दिसतात. भावाशी नातं तुटू नये, हेच कारण असतं.

पण शेताला निदान सातबारा असतो. त्यावर नाव आहे की नाही, हे तलाठ्याकडे जाऊन बघता येतं. गोष्टीला सातबारा नसतो. तो आपणच तयार करावा लागतो.

तर मग काय लिहून ठेवायचं?

फार नाही, एक पान पुरतं. जग कोणी रचलं, वाक्यं कोणी लिहिली. मुखपृष्ठावर नावं कोणत्या क्रमाने. पैसे आले तर किती-किती. कोणी मधेच सोडलं तर पुढचे भाग आणि पात्रं कोणाची. कोणताही करार दोघांच्या सहीशिवाय होणार नाही. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

प्रकाशकाशी करार करताना किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हक्क देतोय, हे लिहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर कायदा मुदत ५ वर्षं आणि प्रदेश भारतापुरता धरतो. अॅपवर टाकण्याआधी त्याच्या अटी वाचा, कारण 'मान्य आहे' दाबणं हाही करारच आहे. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण करता येते. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे.

आम्ही काय केलं? वहीचं शेवटचं पान कोरं होतं. त्यावर लिहिलं: जग त्याचं, वाक्यं माझी, पैसे निम्मे-निम्मे. नावांचा क्रम ठरेना, म्हणून पहिल्या भागावर त्याचं आधी, दुसऱ्यावर माझं आधी.

तिसऱ्या भागावर कोणाचं आधी, हे अजून ठरायचं आहे. तोवर पहिला भाग तरी लिहून होऊ दे, असं आई म्हणाली.