भरलेली गाडी चढते की उतरते?

मालवाहू पिकअप घेण्याच्या विचारात असलेल्या गृहस्थाला इंजिन लहान घ्यावे की मोठे असा प्रश्न पडला, म्हणजे त्याला मिळणारी उत्तरे बहुधा दोनच प्रकारची असतात. ज्याची लहान गाडी चढावर उभी राहिली तो ‘घ्यायचे तर मोठेच घ्या’ असे निक्षून सांगतो. आणि ज्याची मोठी गाडी भाड्यावाचून महिनेच्या महिने दारात उभी राहिली, तो ‘तेवढे डिझेल कोण पाजणार’ म्हणून सबुरीचा सल्ला देतो. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. परंतु विचारणाऱ्याची गाडी कोणत्या रस्त्याने भरलेली जाणार आणि कोणत्या रस्त्याने रिकामी परतणार, याची चौकशी दोघांपैकी एकानेही केलेली नसते. जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादकाने या सदराकडे हाच प्रश्न पाठविला आहे. हजार किलोची लहान गाडी घ्यावी की दीड टनाची मोठी, एवढेच त्याला विचारावयाचे आहे. आणि माल वाशीच्या बाजारात जातो, हे त्याने पत्राच्या शेवटी जाता जाता नमूद केले आहे. माझ्या मते पत्रातील महत्त्वाचा मजकूर तोच आहे.

महाराष्ट्रातील मालवाहतुकीचा विचार सह्याद्रीला वगळून करताच येत नाही. भाजीपाला, कांदा, फळफळावळ पिकते ती बव्हंशी पठारावर. आणि ती खाणारी मुंबई, ठाणे, कल्याण ही अफाट वस्ती पठाराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीला. नारायणगावचा टोमॅटो माळशेजमार्गे कल्याणच्या बाजूस जावो, नाशिकचा कांदा कसाऱ्याने जावो, की पुण्याकडची भाजी बोरघाटाने जावो, भरलेला हौदा घाट उतरतो आणि रिकाम्या क्रेटांच्या थप्प्या घाट चढतात. महाबळेश्वराची स्ट्रॉबेरी पसरणीच्या घाटाने वाईस येते ती उतरतच येते. बेळगावची भाजी चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात जाते तीही उतरतच. म्हणजे ज्या चढाच्या धास्तीने ग्राहक मोठ्या इंजिनासाठी अधिक कर्ज काढतो, तो चढ त्याच्या गाडीला वर्षातील बहुतेक फेऱ्यांत जवळजवळ रिकाम्या अंगाने चढावयाचा असतो. आणि ज्या उताराचा त्याने विचारही केलेला नसतो, तो मात्र प्रत्येक फेरीत पुऱ्या वजनानिशी उतरावयाचा असतो.

यावर कोणी असे म्हणेल, की घाटाच्या तोंडाशी येईपर्यंत पठारावरही चढउतार असतातच, आणि परतीचे भाडे मिळाले तर किराण्याच्या गोण्या घेऊन वर यावेच लागते. हे खरे आहे. म्हणून थोडा हिशेब करून पाहू. तेराशे किलोच्या पासिंगची गाडी पूर्ण भरली, म्हणजे स्वतःच्या वजनासह ती साधारण अडीच टनांची होते. बारास एक अशा चढावर ती ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने न्यावयाची, तर वजन वर उचलण्यास आणि टायरांचा विरोध मोडण्यास मिळून चाकांपाशी सुमारे २० किलोवॉट, म्हणजे २७ अश्वशक्ती लागते. आता बाजारातील आकडे पाहा. टाटांच्या इंट्रा मालिकेतील व्ही-१० ही सर्वांत लहान, दोन सिलिंडरांच्या ७९८ सीसी इंजिनाची आणि हजार किलो भारक्षमतेची गाडी ४४ अश्वशक्तीची आहे. व्ही-३० ही १४९६ सीसीची, तेराशे किलोची गाडी ७० अश्वशक्तीची आहे. २००५ साली आलेल्या, पुढे ‘छोटा हत्ती’ म्हणून घरोघर परिचित झालेल्या टाटा एसचे ७०२ सीसीचे इंजिन तर अवघ्या १६ अश्वशक्तीचे होते, आणि तरीही नेमून दिलेल्या वजनानिशी ती गाडी असला चढ ताशी वीस-बावीस किलोमीटरने चढून जाई. तात्पर्य, चढण्याची कुवत लहान इंजिनातही असते; नसतो तो वेग, आणि नेमल्यापेक्षा अधिक वजन सोसण्याची ताकद.

हाच हिशेब आता उलट करू. तीच अडीच टनांची गाडी त्याच उतारावरून त्याच वेगाने खाली येताना टायरांचा विरोध वजा जाता सुमारे १४ किलोवॉट शक्ती कोठेतरी जिरवावी लागते. चालकाने योग्य गिअर धरला असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन पोटात घेते. धरला नसेल तर ती सर्व शक्ती उष्णतेच्या रूपाने ब्रेकांत उतरते. एक किलोवॉटच्या चौदा विजेच्या शेगड्या चार चाकांच्या आत पेटवून ठेवाव्यात आणि घाट संपेपर्यंत विझवू नयेत, एवढी ती उष्णता आहे.

हे कागदावरचे गणित वाटत असेल त्याने घाटाच्या पायथ्याच्या एखाद्या गॅरेजात पहाटेच्या वेळी घटकाभर उभे राहावे. रात्री घाट उतरून आलेली पिकअप जॅकवर चढवलेली असते. मागच्या चाकाचा ड्रम मिस्त्रीने लाकडी ठोकळ्याच्या आधाराने ठोकून काढलेला असतो. ड्रमच्या आतल्या अंगाला निळसर झाक आलेली असते, लायनरचा पृष्ठभाग भाजून गुळगुळीत, चकचकीत झालेला असतो, त्यावर नख ओढले तरी ओरखडा उमटत नाही. असा लायनर ड्रमवर घासतो, पण धरत नाही. मिस्त्री मालकाला इंजिनाविषयी काहीच विचारीत नाही. ‘अण्णा, कितव्या गिअरात उतरवली?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि त्यावर मालक चालकाकडे व चालक जमिनीकडे पाहतो. कारण डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही. वास्तविक आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे का होईना डिझेल जळतच राहते. आणि ज्याने किल्लीच फिरवून इंजिन बंद केले, त्याच्या ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य दोन-चार वेळा पाय दाबताच संपून जाते. बचत शून्य आणि जोखीम जिवाची, असा हा व्यवहार आहे. तो मालकांनी आपल्या चालकांना एकदा समोर बसवून समजावून सांगितला पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

मोठ्या आकारमानाचे इंजिन उतारावरही उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. त्याच गिअरात ते गाडीला जरा अधिक अडवून धरते. परंतु तिसऱ्या गिअराऐवजी दुसरा धरल्याने जो फरक पडतो, त्यापुढे दोन इंजिनांतील फरक किरकोळ आहे. म्हणून वाशीला माल नेणाऱ्या जुन्नरच्या बागायतदाराने मोठ्या इंजिनासाठी मोजावयाची जादा रक्कम आधी चांगल्या टायरांवर, वेळच्या वेळी बदललेल्या लायनरांवर आणि चालकाच्या पगारावर खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा माल एका खेपेस हजार किलोंत मावत असेल तर लहान इंजिनाने त्याचे काही अडणार नाही. मावत नसेल तर त्याने मोठी गाडी घ्यावी, पण ती वजनासाठी घ्यावी, घाटासाठी नव्हे.

कोकणातून वर येणाऱ्याची गोष्ट अगदी निराळी आहे. देवगडच्या आंब्याच्या पेट्या करूळच्या घाटाने गगनबावड्यावरून कोल्हापूरच्या बाजारात जातात, मालवणची मासळी बर्फासह वर येते, रत्नागिरीचा माल आंबा घाटाने आणि चिपळूणचा कुंभार्लीने चढतो. येथे भरलेली गाडी चढते. आणि आंब्याच्या बाबतीत ती चढते तीही चैत्र-वैशाखाच्या उन्हात, जेव्हा संथ गतीमुळे रेडिएटरला पुरेसा वारा लागत नाही आणि उष्णतामापकाचा काटा वर वर सरकू लागतो. मासळी असेल तर बर्फ वितळत असतो, आणि घाटात गेलेला प्रत्येक जादा अर्धा तास मालाच्या भावातून वजा होतो. या मार्गावरच्या मनुष्याला मी लहान इंजिनाची शिफारस करणार नाही. तेथे मोठे इंजिन घ्यावे, निःशंकपणे घ्यावे.

मात्र मोठे म्हणजे काय, हे सीसीच्या आकड्यावरून ठरवू नये. वर उल्लेखिलेली व्ही-३० आणि तिच्याच मालिकेतील व्ही-५० या दोन्ही गाड्यांची इंजिने १४९६ सीसीचीच आहेत. अश्वशक्ती एकीची ७०, दुसरीची ८०. हा फरक ऐकून कोणी फारसा विचारात पडणार नाही. परंतु टॉर्क, ज्याला आपले चालक गाडीची ओढ म्हणतात, तो एकीचा १४० न्यूटन-मीटर तर दुसरीचा २२० आहे, म्हणजे दीडपटीहून अधिक. महिंद्रांच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्येही एकाच २५२३ सीसीच्या इंजिनाची दोन रूपे आहेत, एक २०० न्यूटन-मीटरचे व दुसरे २२० चे. घाटात गाडी चालते ती इंजिनाच्या कमाल फेऱ्यांवर चालत नाही. वळणावर वेग पडतो, समोरची एसटी थांबते, पुन्हा निघावे लागते, आणि अशा वेळी मिनिटाला पंधराशे-दोन हजार फेऱ्यांवर इंजिन किती ओढते यावर सारे अवलंबून असते. तेथे ओढ कमी पडली की चालक पहिला गिअर टाकतो, अर्ध्या क्लचवर गाडी झुलवतो, आणि एका हंगामात क्लच प्लेट जाळून मोकळा होतो. म्हणून माहितीपत्रक हाती आल्यावर टॉर्कचा आकडा पाहावा, आणि तो किती फेऱ्यांपासून मिळतो हे त्याच्या शेजारीच लिहिलेले असते, तेही पाहावे.

सपाट मुलखाविषयी आणि शहराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सोलापूर, लातूर, परभणी या बाजूंस, अथवा पुण्याच्या पेठांतून पाण्याचे जार पोचविणाऱ्यास लहान इंजिन पुरेसे आहे, आणि थांबत थांबत चालणाऱ्या कामात सीएनजीचा विचार प्रथम करावा. मोठे डिझेल इंजिन छोट्या छोट्या फेऱ्यांत पुरते तापतच नाही, आणि बीएस-६ गाड्यांतील धुराची काजळी अडविणारी गाळणी स्वच्छ होण्यासाठी तापणे आवश्यक असते.

परंतु खरा पेच इंजिनात नाहीच. तो आहे कर्जाच्या हप्त्यात. लहान गाडीचा हप्ता बेताचा म्हणून ती घेतली जाते, आणि भाडे क्रेटमागे मिळत असल्यामुळे तो हप्ता फेडण्यासाठी हजार किलोच्या हौद्यात दीड-दोन हजार किलो माल रचला जातो. एका क्रेटमध्ये साधारण वीस किलो टोमॅटो धरले आणि रिकाम्या क्रेटचे वजन वेगळे धरले, तर हजार किलोंत पंचेचाळीस क्रेट बसतात. आणि हंगामात लहान पिकअपवर दोर आवळून रचलेली उंच थप्पी याच्या किती पलीकडे असते, हे नारायणगावच्या बाजारात उभे राहून कोणीही मोजावे. मोठी गाडी घेणाराही याच मार्गाने जातो, कारण इंजिन ओढते आहे तोवर वजन जास्त झाले असे त्याला वाटतच नाही. पण पाटे, अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक हे इंजिनाची अश्वशक्ती पाहून बनविलेले नसतात; ते आरसी बुकात नमूद केलेल्या एकूण वजनाला बनविलेले असतात. इंजिन जादा वजन मुकाट्याने वाहून नेते, आणि त्याची किंमत उतारावर ब्रेक चुकवतात.

कायद्याने येथे दोन रेषा आखल्या आहेत आणि त्या गाडी निवडतानाच ध्यानात घ्याव्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ अन्वये एकूण भारित वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही. दीड टनाच्या गटातील कित्येक गाड्या या रेषेच्या जरा आत आहेत, तर त्यांहून मोठ्या पिकअप तिच्या बाहेर जातात. दोन-तीनशे किलोंच्या हौसेसाठी ही रेषा ओलांडावयाची की नाही, हे कागदपत्रांच्या दगदगीचा हिशेब करून ठरवावे. दुसरी रेषा कलम १९४ ची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर वजन नेल्यास वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च मालकाच्याच माथी. वजनकाट्यावरची अशी एक पावती लहान व मोठ्या गाडीच्या हप्त्यांतील कित्येक महिन्यांचा फरक एका दमात खाऊन टाकते.

जुन्नरच्या पत्रलेखकास आणखी एक सांगावयाचे आहे. विक्रेता चाचणीसाठी गाडी देतो ती रिकामी देतो, आणि तीही शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर. आपल्या नेहमीच्या मालाइतके वजन, वाळूच्या गोण्यांचे का होईना, हौद्यात भरून आपल्याच घाटाने एक फेरी करू देण्याचा आग्रह त्यांनी धरावा, आणि ती फेरी चढताना नव्हे तर उतरताना लक्षपूर्वक पाहावी: दुसऱ्या गिअरात पाय ब्रेकवर न ठेवता गाडी किती अंतर आवाक्यात राहते, आणि खाली पोचल्यावर चाकांपाशी जळका वास येतो की नाही. माझ्या पाहण्यातील पिकअपच्या माहितीपत्रकांत ‘कमाल चढणक्षमता’ टक्क्यांनिशी ठळक छापलेली असते. पूर्ण भरलेली गाडी किती तीव्र उतार कितव्या गिअरात उतरवावी, याचा तक्ता मात्र त्यांपैकी एकातही मला आढळला नाही. उत्पादकांनी तो छापावा, आणि चालकाच्या समोरच्या काचेवर मराठीत चिकटवून द्यावा. पठारावरून मुंबईला माल उतरविणाऱ्या गाड्यांना आज त्याचीच सर्वांत अधिक गरज आहे.