मत लांब गेले की भाव पडतो



सारख्या निवडणुका होतात म्हणून देशाचे काम अडते, अशी ओरड चालू आहे. आचारसंहिता लागते, खर्च वाढतो. तेव्हा लोकसभा आणि विधानसभा एकदमच उरकून टाका, म्हणे. तसे विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेही गेले. १९६७ पर्यंत या दोन निवडणुका बहुतेक एकत्रच होत. तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याचे कोणते भले झाले? ज्वारीची सक्तीची सरकारी वसुली त्याच काळातली.

आमचा अनुभव उलटा आहे. २००४ पासून महाराष्ट्रात लोकसभेचे मत उन्हाळ्यात आणि विधानसभेचे मत त्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे पडते. मधल्या पाच-सहा महिन्यांत सरकारला शेतकरी आठवतो. २०२४ सालचाच हिशेब पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली ४ मे २०२४ ला, नाशिककडच्या मतदानाला दोन आठवडे उरले तेव्हा. तरी कांद्याच्या पट्ट्याने दणका दिलाच. लगेच सप्टेंबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कांद्याचे निर्यात शुल्क ४० टक्क्यांवरून २० वर आले. त्याच आठवड्यात खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढले.

नोव्हेंबरमध्ये मते पडली, सरकार बसले. मग काय झाले? मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० केले. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली वेचणी सुरू होऊन माल घरात यायचा, नेमका तेव्हाच परदेशी गाठींना दरवाजा उघडा! मत जवळ असले की सरकार बांधावर येते. मत लांब गेले की गिरणीत जाऊन बसते. अशा सरकारला पाच वर्षे मोकळे सोडायचे?

निवडणूक नसली की काय होते, तेही आपण पाहिले. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला. त्या काळात रस्त्याचा, दवाखान्याचा जाब आपण कोणाला विचारला?

पण दोष एकट्या पुढाऱ्यांचा नाही. निवडणूक जवळ आली की ते भावाचे बोलत नाहीत, देणगीचे बोलतात; आणि आपण देणगी मोजत बसतो. २००४ मध्ये निवडणुकीआधी मोफत वीज जाहीर झाली. सरकार परत आले आणि २००५ मध्ये बिलेही परत आली. २००८ ची कर्जमाफी पाच एकरांच्या आतल्यांना पूर्ण मिळाली. वऱ्हाडातला आठ एकरांचा कोरडवाहू कापूसवाला त्या हिशेबात मोठा शेतकरी ठरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्जमाफीचे वचन दिले. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार म्हणाले, ३१ तारखेच्या आत हप्ते भरा.

मायबहिणींच्या हातात महिन्याला पंधराशे रुपये आले, याचे आम्हाला दुःख नाही. त्यांच्या कष्टापुढे ते थोडेच आहेत. पण हिशेब घाला. वर्षाचे झाले अठरा हजार. सहा एकरांत तीस क्विंटल कापूस झाला आणि क्विंटलमागे सहाशे रुपये कमी मिळाले, की गेले अठरा हजार! एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने नेले. वर उपकाराचे फलक गावोगाव लागले.

म्हणून आमचे म्हणणे असे. निवडणुका कमी करा, ही मागणी आपली नव्हे; ती ज्यांना जाब नको त्यांची आहे. आपण निवडणूक वापरायला शिकले पाहिजे. पुढचा उमेदवार गावात आला की पारावर बसवून तीनच प्रश्न विचारा. हंगामात कापसाचे आयात शुल्क काढले तर विरोधात मत देणार काय? ज्वारीची हमीभावाने खरेदी काढणीच्या महिन्यातच सुरू करवणार काय? निर्यातबंदीला सभागृहात उभे राहून विरोध करणार काय? उत्तर लिहून घ्या, खाली सही घ्या, कागद गावाच्या दप्तरात ठेवा.

पुढच्या निवडणुकीला तोच कागद त्याच पारावर मोठ्याने वाचा. निवडणुका जितक्या लवकर येतील, तितक्या लवकर तो वाचता येईल.