चंद्रपुरात ४४ अंश, तरी ‘उष्णतेची लाट’ नाही! असं का?

एप्रिल-मे आला की सर्वात उष्ण शहरांच्या यादीत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची नावं झळकतात, त्या आकड्यांचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. पण पारा ४४ वर असूनही हवामान विभाग अनेकदा ‘उष्णतेची लाट’ जाहीर करत नाही. यात चूक नाही, नियमच तसा आहे.

मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, तर ती लाट. किंवा पारा थेट ४५ वर गेला तर. तेही हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. पुण्याची मेमधली सरासरी ३७च्या आसपास, त्यामुळे तिथे ४२ म्हणजे लाट. कोकण किनारपट्टीवर तर ३७ पासूनच विचार सुरू होतो. चंद्रपूरची सरासरीच ४२-४३! म्हणून इथे ४४ हा कागदावर जवळपास नेहमीचा दिवस.

इथल्या लोकांना उन्हाची सवय असते, हे खरं. पण सवयीलाही मर्यादा असते आणि ती सरासरीवर ठरत नाही.

एवढी उष्णता येते कुठून? अनेक जण औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणींकडे बोट दाखवतात. शहरापुरता त्यांचा हातभार असेलही, पण तिथून सुमारे ९० किलोमीटरवरची, धानपट्ट्यातली ब्रह्मपुरीही तितकीच तापते. खरं कारण भूगोलात आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, उंची जेमतेम २०० मीटर, वायव्येकडून येणारे कोरडे वारे, निरभ्र आकाश. त्यात मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो.

नेमका हाच तेंदूपत्त्याचा हंगाम. दुपारी जंगलात थांबणं अशक्य, म्हणून गावकरी पहाटेच पानं तोडायला निघतात. वाघाचीही फिरण्याची वेळ तीच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. उन्हाच्या बळींच्या आकडेवारीत असे मृत्यू येत नाहीत, पण ऊन टाळण्यासाठीच माणसं त्या वेळी जंगलात असतात.

जूनमध्ये पारा ४० वर उतरतो आणि बातम्या थांबतात. धोका मात्र तेव्हाही असतोच. पावसाआधी हवेत ओल वाढते, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. कूलरही अशा दमट हवेत फारसा चालत नाही. मान्सून विदर्भात साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो. तोवर धानाच्या पऱ्ह्यांसाठी शेतकरी दिवसभर बांधावर असतो, आणि अशा ४० अंशांसाठी सहसा कोणताही इशारा निघत नाही.