दारावरचा मज्जाव

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या स्टाउरहेडचे उद्यान आम्ही एका दिवसाच्या सहलीत पाहून आलो. परंतु ते आम्ही पाहिले की नुसते वाचले, हा प्रश्न मनातून जात नाही.

हेन्री होअर या पेढीवाल्याने १७१७ साली ही जहागीर विकत घेतली. त्याच नावाच्या त्याच्या मुलाने १७४० च्या दशकापासून येथे उद्यान रचले, दरीतील पाणी अडवून तळे केले आणि वास्तुरचनाकार हेन्री फ्लिटक्रॉफ्टकडून काठावर देवळे उभारून घेतली. तळे डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट, फिरायचे. प्रथम फ्लोराचे देऊळ लागते. त्याच्या दारावर व्हर्जिलच्या 'इनीड' महाकाव्यातील, अदीक्षितांना दूर ठेवणारा मज्जाव लॅटिनमध्ये कोरलेला आहे. पुढे गुहा, पँथिऑन आणि टेकडीवर अपोलोचे देऊळ. हा सारा फेरा म्हणजे इनियसचा प्रवास, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही.

आम्ही अर्थातच दीक्षितांच्या ऐटीत चाललो होतो. गुहेत शिरताच पाताळ, निद्रिस्त अप्सरा, नदीदेवता अशा खुणा पटवू लागलो. आमच्या पुढे एक लहान मूल होते. अंधारात, झऱ्याच्या आवाजाने ते गप्प झाले, आईला बिलगले. आणि खडकातल्या झरोक्यातून एकदम उजळलेले तळे दिसताच हसले. पाताळात उतरून परतण्याचा अनुभव त्याला व्हर्जिलवाचून आला. आम्हाला मात्र फक्त संदर्भ सापडला.

संदर्भ निरुपयोगी आहेत, असे आम्हाला म्हणायचे नाही. ते ठाऊक नसते, तर त्या दारावरचा उपरोध आम्हाला कळलाच नसता: १९४६ पासून हे उद्यान नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि आज तिकीट काढलेला कोणीही अदीक्षित त्या मज्जावाखालून खुशाल जातो. प्रश्न क्रमाचा आहे. आपल्या वर्गांत मर्ढेकरांची कविता मोठ्याने वाचली जाण्याआधीच पुष्कळदा दुर्बोधतेवरील टिपण लिहून दिले जाते. विद्यार्थी टिपण घेऊन कवितेच्या दाराशी उभा राहतो आणि तिथूनच परततो. तो मज्जाव आपणच कोरलेला असतो.

आधी त्याला गुहेत उतरू द्यावे. व्हर्जिल बाहेर आल्यावर सांगता येईल; तेव्हा तो विचारीलही.