उपदेश पुरे, प्रशिक्षण हवे!

व्यसनाधीनाला उपदेश करणारे पुष्कळ. सावरण्याचे शिक्षण घेतलेले विरळा. पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्याने उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनमुक्त झालेलेच पुढे कार्यकर्ते झाले. तो धडा आता नागपूरच्या प्रताप नगरसारख्या सुशिक्षित वस्त्यांनीही गिरवावा.

अफूजन्य द्रव्याच्या अतिमात्रेने श्वास मंदावतो, थांबतोही. मग काही मिनिटांतच घात होतो. तत्काळ १०८ क्रमांकावर कळवणे, श्वास थांबल्यास कृत्रिम श्वास देणे, सुरू असल्यास कुशीवर वळवणे हे सरावानेच जमते. नॅलोक्सोन हा उतारा वेळेत मिळाल्यास प्राण वाचतात. सामान्यांनाही हे शिकवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सुचवले. ‘लोक काय म्हणतील’ या भयाने दार लावून घेणारे घर मुलगा गमावते. ते दार उघडेल, असा प्रशिक्षित शेजार घडवणे हीच खरी समाजसेवा!