घराची पाटी आणि घरातले माणूस

गेल्या दिवाळीनंतर किनवट येथील आमच्या आत्याबाईंच्या दारावर एक पाटी लागली : ‘प्रशस्त घर विकणे आहे’. सागवानी खांबांची ओसरी, पाच खोल्या, देवघर, परसात आड आणि चिंचेचे जुने झाड असे ते घर. आत्याबाईंचे वय ७९. यजमान जाऊन ११ वर्षे झालेली. थोरला मुलगा पुण्यास, धाकटा हैदराबादेस आणि लेक नांदेडला. एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्याच राहत होत्या.

विकण्याचे कारण खरे होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. भाद्रपदातील एका रात्री परसातल्या शौचालयाकडे जाताना शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडले. पहाटे दूधवाला येईपर्यंत त्या पायरीवरच बसून होत्या. ‘आता हिला येथे एकटी ठेवायची नाही’ असे मुलांनी ठरविले, त्यात त्यांची माया होती. चूक झाली ती पुढे. पाटी आधी लागली आणि आईशी बोलणे राहून गेले.

त्यानंतर आत्याबाईंचे जेवण घटले, झोप उडाली. मनगट जुळून आले होते, रक्ताच्या तपासण्याही ठीक होत्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी अखेर लेकीला विचारले, “अलीकडे घरात काही बदल झाला आहे का?” त्या रात्री लेकीने आईजवळ बसून विषय काढला. आत्याबाई म्हणाल्या, “घर विकू नका असं मी कधी म्हटलं गं? माझंही आता होत नाही. पण मला कुठं ठेवणार ते आधी सांगा, घराचं मग बोला.”

वाचकहो, या एका वाक्यात वृद्धांच्या आरोग्याचा मोठा विषय सामावला आहे. राहते ठिकाण बदलल्याने ज्येष्ठांच्या मनावर व शरीरावर येणाऱ्या ताणाची १९९२ मध्ये अमेरिकेतील परिचर्याशास्त्राने स्वतंत्र निदान म्हणून नोंद घेतली. चिंता, निद्रानाश, भूक मंदावणे, अबोला आणि दिशाभूल ही त्याची लक्षणे. जुन्या घरात पाय अंधारातही उंबरा ओळखतात, हात आपोआप खुंटीकडे जातो. नव्या घरात ही सवय उपयोगी पडत नाही, आणि म्हणून पहिल्या काही आठवड्यांत पडण्याचा धोका वाढू शकतो. बदल अचानक झाला आणि आपल्याला कोणी विचारले नाही असे वाटले, तर हा ताण अधिक जाणवतो.

आमच्या घरी मग पाटी उतरविण्यात आली. माघ महिन्यात आत्याबाई लेकीकडे महिनाभर राहून आल्या. त्या महिन्याने पुष्कळ शिकविले. सदनिका तिसऱ्या मजल्यावर होती, उद्वाहनाची त्यांना धास्ती वाटे. त्यामुळे त्या खाली उतरेनात आणि दिवसभर बोलायला माणूस मिळेना. शौचालयाचे आसन ठेंगणे होते, उठताना गुडघ्यांवर भार येई. हे घर विकल्यावर कळले असते, तर परतीचा मार्ग उरला नसता. अखेर लेकीच्या घराजवळच तळमजल्यावर, पुढे लहानसा ओटा असलेले दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. सोबतीला दिवसरात्र राहणारी बाई ठेवली. त्यानंतरच पाटी पुन्हा दारावर लागली. ती लावण्यास आत्याबाईंनीच सांगितले.

ज्या घरांत असा निर्णय जवळ आला आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

नव्या खोलीत पलंगाची दिशा आणि दिव्याच्या बटणाची बाजू शक्यतो जुन्या घरासारखी ठेवावी. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा, भिंतीला धरायला दांडी असावी आणि पायात अडकणाऱ्या सतरंज्या नसाव्यात. देव, रोजचा पाट, पानाचा डबा अशा हाताशी लागणाऱ्या वस्तू आधी हलवाव्यात. औषधांची यादी व जुने कागद नव्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात दाखवावेत. उदासी व अन्नावरची वासना उडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना भेटावे. आणि माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ‘जागा बदलली, म्हणून’ असे समजून थांबू नये. त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखादे औषधही असू शकते. त्याच दिवशी तपासणी व्हावी.

दुसरा विषय पैशाचा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे व मुली यांचा हिस्सा सारखा असतो. (वडिलोपार्जित मिळकतीचे गणित वेगळे, ते वकिलाकडून समजून घ्यावे.) ‘आईला काय करायचे आहे?’ असे म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाई अनेक घरांत होते. आईने ती सही करू नये, हेच हिताचे. तिच्या हिश्श्याची रक्कम तिच्याच नावावर राहावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीस हाती येते. मिळकत मुलांना द्यायचीच असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, अट मोडली गेल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अडचणीच्या वेळी १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी विनाशुल्क मदतवाहिनी आहे.

तिसरी गोष्ट आमच्या भागातली. १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे जुन्या घरांचे कागद पुष्कळदा उर्दूत सापडतात. त्यांचे भाषांतर वेळेवर करून घ्यावे. शेजारची भिंत कोणाची, आडावर हक्क कोणाकोणाचा, हे मात्र कित्येकदा कागदावर नसते, घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असते. आत्याबाईंनी या खुणा दोन दुपारी बसून सांगितल्या आणि नातवाने लिहून घेतल्या. त्या दोन दिवसांत त्या पोटभर जेवल्या, असे लेक सांगते.

वैशाखात व्यवहार पूर्ण झाला. घर घेणारे कुटुंब त्याच तालुक्यातले, तीन पिढ्यांचे. किल्ली आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने दिली. देताना त्या घराच्या सुनेला म्हणाल्या, “माजघराच्या कोपऱ्यात गळतं, मृगाच्या आधी कवेलू फिरवून घे. अन् परसातली फरशी घासून ठेव गं, तिथं शेवाळ धरतं.”

नांदेडच्या ओट्यावर आता सायंकाळी चार बायका जमतात. पहिले तीन आठवडे त्या रात्री दचकून उठत, आता झोप लागते. किनवटची आठवण येते का, असे मी विचारले. “येते की,” म्हणाल्या, “पण रात्री उठायची भीती राहिली नाही.”