समुद्राला दोन महिने विश्रांती, मग धरणाला का नाही?

1 जून उजाडला की कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका बंदरात परततात. 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद. ही बातमी नांदेड-लातूरच्या ग्राहकापर्यंत पोचते ती एवढीच, की रावस आणि सुरमई महाग झाली. मग आपण धरणाच्या माशाकडे वळतो. राहू, कटला, मरळ, जे ताजं दिसेल ते तोलून घेतो आणि घरी येतो. तो मासा कोणत्या दिवसांत धरला, कुणी धरला, कशावर बसून धरला, हे आपण विचारत नाही. यावेळी तेच विचारावं, असं आम्हाला वाटतं.

पाणी आटतं तेव्हा जाळं भरतं

मराठवाड्यातल्या जलाशयांचा हिशेब समुद्रापेक्षा वेगळा आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर धरणात मत्स्यबीज सोडलं जातं. बोटुकली वाढायला आठ-दहा महिने लागतात. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं, धरणाचं पात्र आकसतं आणि उरलेल्या डोहात मासा दाटीवाटीनं गोळा होतो. वर्षभरात एवढा सोपा मासा कधीच मिळत नाही. म्हणून हंगामाच्या शेवटी सगळ्यात जास्त जाळी पडतात. थर्माकोलचा चप्पू, ट्रकची हवा भरलेली ट्यूब, कुठे लाकडी किंवा फायबरची छोटी होडी. दोन माणसं, एक वल्हं, अंगात लाईफ जॅकेट नाही. पहाटे अंधारात निघायचं आणि ऊन चढायच्या आत मासा काठावर आणायचा, कारण बर्फाचा खर्च परवडत नाही.

पण हेच दिवस माशाच्या पोटात गाभोळी भरण्याचे आहेत. राहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या, चढत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, पूर आला की नदीच्या अंगानं वर सरकतात. जून-जुलैमध्ये धरलेल्या एका मादीबरोबर लाखभर अंडी जातात. बारीक आसाचं जाळं असेल तर पुढच्या वर्षीचा मासाही त्यातच अडकतो.

बाभळीचे दरवाजे

नांदेड जिल्ह्यात याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा आहे. 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बंधाऱ्याच्या वादावर निकाल दिला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे आणि 29 ऑक्टोबरपासून 30 जूनपर्यंत पाणी अडवायचं. 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली पोचमपाडच्या श्रीराम सागर धरणासाठी सोडायचं. दोन राज्यांचा वाद पाण्याचा होता, माशाचं नाव त्यात कुठे नव्हतं.

तरी या तारखा माशासाठी किती महत्त्वाच्या आहेत ते बघा. 30 जूनपर्यंत काठावरच्या मच्छीमाराचा विचार साधा असणार: जाळ्यात येईल ते आपलं, बाकीचं उद्या वाहून जाणार. आणि 1 जुलैला दरवाजे उचलले की खालच्या जलाशयातल्या माशाला गोदावरीत वर चढायची वाट मोकळी होते, तीही नेमकी प्रजननाच्या काळात. न्यायालयाच्या आदेशाने नकळत माशाला रस्ता दिला. त्या रस्त्यावर जाळी लावायची की दोन महिने तो मोकळा ठेवायचा, हे आता माणसांनी ठरवायचं आहे.

सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. शनिवारी मासेमारीला मनाई होती आणि नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर यायचे. ती परीक्षा होती आणि त्या वस्तीतल्या लोकांनी पळवाट काढली. आपल्याकडे उदाहरण म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते, पण मच्छीमाराला नुसता उपदेश करून भागणार नाही. त्या वस्तीत हाव होती. इथे बहुतेक वेळा ठेक्याचा हप्ता, व्यापाऱ्याची उचल आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावरचा मुलांचा खर्च असतो.

2016 मध्ये काय झालं?

लातूरकरांना ते वर्ष सांगायची गरज नाही. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण, ज्याचा जिवंत साठा सुमारे 177 दशलक्ष घनमीटर, ते कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. देशभरातून पत्रकार आले, टँकरच्या रांगांचे फोटो छापून आले, आणि ते योग्यच होतं.

पण त्या धरणावर पोट असलेल्या मच्छीमारांचं काय झालं, याची चर्चा फारशी झाली नाही. शेतकऱ्याचं पीक जळालं की पंचनामा होतो. धरण आटलं की मच्छीमाराचं शेतच नाहीसं होतं, आणि पुढच्या पावसात धरण भरलं तरी मासा लगेच येत नाही. बीज सोडायचं, वाट बघायची, म्हणजे आणखी एक वर्ष हातून गेलं. कालव्याचं आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथे लोकप्रतिनिधी असतात, शेतीची बाजू मांडली जाते. चप्पूवाल्याची बाजू तिथे कोण मांडतो?

समुद्रावरून शिकण्यासारखं

कोकणातल्या बंदीत एक शहाणपण आहे. ती यांत्रिक नौकांसाठी आहे, वल्ह्याच्या पारंपरिक होडीला त्यातून सूट आहे. 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन निर्णयाने पर्ससीन मासेमारीलाही 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. अंमलबजावणीच्या तक्रारी भरपूर आहेत, एलईडी दिव्यांची बेकायदा मासेमारी अजून थांबलेली नाही. तरीही मोठ्याला वेगळा नियम आणि छोट्याला वेगळा, हे तत्त्व कागदावर तरी मान्य झालं आहे.

आपल्या हॉटेलात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. खरा सॅमन वेगळा. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं सॅमनची व्यावसायिक मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. धरणांनी अडवलेल्या नद्या, दुष्काळ, कमी झालेलं आणि तापलेलं पाणी ही त्यामागची मुख्य कारणं. मराठवाड्याच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. तिथेही छोट्या बोटीवाल्यांचे हाल झाले. फरक इतकाच, की सरकारने ती आपत्ती मानली आणि मदत मंजूर केली. मदत पोचायला उशीर झाला म्हणून तिथेही ओरड झाली, पण बंदी घातली तर भरपाई द्यायची हे गृहीत होतं.

कागदावरचा दर्जा

22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळतील असं सांगितलं गेलं. निर्णय चांगला आहे. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायाला 2018-19 पासूनच लागू आहे. 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदी किंवा मंदीच्या काळात पारंपरिक मच्छीमार कुटुंबाला 3000 रुपये मदतीची तरतूद आहे, त्यात त्याने स्वतः 1500 रुपये भरायचे. तीन महिन्यांसाठी ही रक्कम तुटपुंजी आहे. पण मुख्य प्रश्न असा, की शेततळं किंवा तलाव ज्याच्या नावावर आहे त्याला सवलत मिळते. ज्याच्याकडे फक्त चप्पू आणि जाळं आहे, सातबाराच नाही, त्याचं काय? ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात पुराने गावं पाण्याखाली गेली. अशा पुरात जाळं-होडी गेली तर आपत्तीच्या निकषांत त्यालाही मदत आहे. पण त्यासाठी पंचनाम्यात जाळं लिहिलं गेलं पाहिजे.

काय करता येईल?

आमच्या मते चार गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. एक, विष्णुपुरी, बाभळी, मांजरा, लिंबोटी यांसारख्या जलाशयांवर पावसाच्या सुरुवातीला दोन महिने मासेमारी थांबवावी, पण निर्वाह भत्ता आधी आणि बंदी नंतर. दोन, धरण ठरावीक पातळीखाली गेलं की त्या वर्षीचा ठेका आपोआप माफ व्हावा. तीन, कालवा सल्लागार समितीत मच्छीमार संस्थेचा एक माणूस बसावा. चार, शहराचं सांडपाणी गोदावरीत जाणं थांबावं. हनफी फिक्हनुसार आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासा आपण खात नाही. मग नाल्याच्या पाण्याने मासा मरतो, तेव्हा गप्प कसे बसतो?

जाळं टाकणारे बहुतांश भोई समाजाचे आहेत. विकणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातली माणसं भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा म्हणून सोडता येत नाही. मोहल्ला कमिट्यांनी मच्छीमार संस्थांसोबत जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन पंचनामा आणि भत्त्याचं निवेदन द्यावं. आणि ग्राहक म्हणून आपण जून-जुलैत गाभोळीचा मासा आणि बोटभर पिल्लं मागणं सोडलं, तर त्याला शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.